कल्याण प्रांतांतील जड शेतीसामानाची वाहतूक : गाड्याच्या निवडीचा विचार

१. उपक्रम

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, बखरी, ताम्रपट आणि शिलालेख हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु ज्या दगडावर शिलालेख कोरला तो दगड खाणींतून कोणत्या वाहनावर निघाला, ज्या शेताच्या इनामासाठीं महजर झाला त्या शेताचें जड सामान कोणत्या गाड्यावर चढलें, ह्याचा विचार आपण क्वचित् करितों. प्रस्तुत लेखांत ह्या उपेक्षित प्रश्नाचा, ठाणें व कल्याण-डोंबिवली ह्या भागापुरता, यथामति परामर्श घेतला आहे.

हा विषय मजसारख्या संस्कृताच्या निवृत्त शिक्षकाच्या हातीं कसा आला तें आरंभींच सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. सुमारें सहा वर्षांपूर्वींची गोष्ट. मलंगगडाच्या पायथ्याकडील एका गांवीं एका शेतकरी घराण्याच्या पडवींत ऊस गाळण्याचा एक जुना चरक पडून होता. त्याचे बिडाचे तीन रूळ व खालची बैठक मिळून वजन सुमारें अठरा मण भरलें. घराण्याच्या वडीलधाऱ्या गृहस्थांनीं तो एका संग्रहास देऊं केला, आणि कल्याणास आणण्याची व्यवस्था मजकडे आली. पाऊस तोंडावर होता. मीं चौकशी न करितां प्रथम मिळाली ती दोन चाकांची ट्रॅक्टरची ट्रॉली ठरविली. चरक पुढें ढकलणें कठीण, म्हणून तो ट्रॉलीच्या मागच्या टोकाशींच ठेवून दोराने बांधला. गांवाबाहेरच्या चढावर ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं, सगळें वाहन मागें सरलें, दोर तुटला व चरक घसरून खालीं आला. मागें चालणाऱ्या एका तरुण मजुराचा पाय त्याखालीं सांपडला. हाड सांधलें, परंतु त्या वर्षींची भाताची लावणी त्याच्या हातून झाली नाहीं. औषधोपचाराचा खर्च आम्हीं केला. लावणीची भरपाई कोणास करतां येते?

ट्रॉली मोठी होती आणि ओझें तिच्या शक्तीच्या मानानें लहान होतें. मग चूक कोठें झाली? ह्या प्रश्नानें मला प्रथम सुतारांच्या व गाडीवानांच्या दारीं नेलें आणि नंतर माझ्या स्वतःच्या पोथ्यांकडे परत आणलें. पुढील विवेचन त्या दुहेरी शोधाचें फळ आहे.

२. शब्दविचार

रथ आणि ओझ्याची गाडी हे दोन भिन्न पदार्थ आहेत, ही जाणीव आपल्याकडे अतिप्राचीन आहे. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलांतील अपालेच्या सूक्तांत रथ, अनस् व युग ह्या तिहींचा पृथक् निर्देश आहे. त्यांतील अनस् म्हणजे ओझ्याची गाडी. श्रौतकर्मांत हविर्धान नांवाच्या शकटांचा विधि प्रसिद्धच आहे. त्यांत यजमानपत्नीनें आंसास घृत लावावें, आणि आंस करकरल्यास अमुक मंत्र म्हणावा, असें सांगितलें आहे. वंगणाचें महत्त्व ह्याहून जुन्या शब्दांत कोठें सांपडेल असें वाटत नाहीं.

पाणिनीनें चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादांत वाहणाऱ्या पशूंचीं नांवें साधण्याचा एक लहानसा गट दिला आहे. रथ ओढणारा तो रथ्य, जूं वाहणारा तो युग्य, धुरा वाहणारा तो धुर्य अथवा धौरेय, शकट ओढणारा तो शाकट, आणि नांगर ओढणारा तो हालिक अथवा सैरिक. बैल एकच, परंतु त्याच्यामागें काय जोडलें आहे त्यावरून त्याचें नांव बदलतें. ह्यांत व्याकरणाइतकाच व्यवहार आहे. नांगराचा बैल मऊ जमिनींत मंद गतीनें ओढतो. त्याच्यामागचें ओझें त्याला कधीं ढकलीत नाहीं. गाडीचा बैल उतारावर ओझ्याचा रेटा मानेवर घेऊन थोपवून धरतो. पहिल्यास दुसऱ्याचें काम शिकवावें लागतें. आजचा ट्रॅक्टर हा मूलतः हालिक आहे. आपण त्याला शाकट करितों तेव्हां ही गोष्ट विसरूं नये.

आमच्या सुतारांच्या तोंडीं असलेले शब्दही ह्याच कुळांतले आहेत. जूं हें युगापासून, आंस हा अक्षापासून, धुरा ही धुर् पासून, जोत हें योक्त्रापासून, चाकाचे आरे हे अर ह्या शब्दापासून आलेले उघड दिसतात. जुवांतील खुंटीस शिवळ म्हणतात. ती शम्येच्या घराण्यांतली. ह्यांखेरीज साटा, तुंबा, धाव, कुणी असे शब्द आहेत. परंतु सर्वांत मोलाचा शब्द मला एका वृद्ध गाडीवानाकडून मिळाला. झालेली हकीकत ऐकून तो एवढेंच म्हणाला, “मास्तर, गाडी उलाळ भरलीत.”

गाडींत भार आंसाच्या मागें अधिक झाला म्हणजे धुरा वर उचलली जाते आणि जुवाचा फांस बैलाच्या गळ्याला लागतो. ती गाडी उलाळ झाली. उलट भार फार पुढें आला तर जूं मानेवर दाबतें आणि बैल खांदा टाकतो. चांगला गाडीवान भार आंसाच्या किंचित् पुढें ठेवतो, म्हणजे जूं मानेवर बसतें पण रुतत नाहीं. ट्रॅक्टरला मान नाहीं, गळा नाहीं. म्हणून तो ओरडत नाहीं. परंतु ट्रॉली उलाळ झाली म्हणजे जोडाच्या ठिकाणीं ती ट्रॅक्टरची मागची बाजू उचलूं पाहते, मागच्या चाकांचा जमिनीवरील दाब कमी होतो, आणि चढावर तीं नुसतीं फिरतात. आमच्या चढावर घडलें तें हेंच.

३. भारविचार

आतां ओझें अधिक होतें काय, हें पाहूं. ह्या बाबतींत अमरकोशांतील मानें उपयोगीं पडतात. शंभर पलांची एक तुला, वीस तुलांचा एक भार, दहा भारांचें एक आचित, आणि आचित म्हणजेच शाकट भार, अर्थात् एका गाडीचें ओझें, असा तेथील क्रम आहे. म्हणजे शाकट भार वीस हजार पलांचा झाला. पलाचे चार कर्ष, आणि वैद्यांच्या रूढीप्रमाणें कर्ष सुमारें तोळ्याएवढा धरिला, तर ऐंशी हजार तोळे होतात. ऐंशी तोळ्यांच्या शेरानें ते एक हजार शेर, आणि चाळीस शेरांच्या मणानें पंचवीस मण. आजच्या मापानें हें वजन सुमारें ९३० किलो येतें. कर्षाचें मान देशकालाप्रमाणें बदलत असल्यामुळें हा हिशेब ढोबळ समजावा. तथापि एका बैलजोडीच्या गाडीवर चांगल्या रस्त्यानें सुमारें एक टन ओझें न्यावें, हा अलीकडचा व्यवहार त्याच्याशीं जुळतो. कोशकारानें तोलाचें एक मानच गाडीवरून ठरवावें, हें त्या काळच्या व्यवहारांत गाडीची शक्ति किती सर्वज्ञात होती ह्याचें द्योतक आहे.

आमचा चरक अठरा मणांचा, म्हणजे शाकट भाराच्या तीन चतुर्थांशांहूनही कमी. ट्रॉलीची शक्ति तर त्याच्या कित्येक पट. तात्पर्य, भार किती हा पहिला प्रश्न असला तरी पुरेसा नव्हे. भार आंसाच्या कोणत्या बाजूस, जमिनीपासून किती उंच, आणि कशानें बांधलेला, हे प्रश्न त्याच्या बरोबरीचे आहेत.

येथें त्या घराण्यांतील एक आठवण नमूद करण्याजोगी आहे. चरक प्रथम आणला तेव्हां तो आगगाडीनें कल्याणास उतरला आणि तेथून बैलगाडीनें गांवीं गेला. परंतु अखंड गेला नाहीं. वडिलांनीं रूळ निराळे काढविले, बैठक निराळी केली आणि तीन खेपा घातल्या. अठरा मण एका गाडीस झेपले असते. पण शेतांच्या बांधांवरून व ओहोळांतून जाणारी वाट त्यांना ठाऊक होती. त्यांनीं वाटेवरून गाडी ठरविली आणि गाडीवरून ओझ्याचे भाग पाडले. आम्हीं मोठें वाहन मिळालें म्हणून ओझें अखंड चढविलें व वाटेचा विचारच केला नाहीं.

४. मार्गविचार

वाटेवरून वाहन ठरवावें, हा विचार कौटिलीय अर्थशास्त्रांत स्पष्ट आहे. हा ग्रंथ १९०५ सालीं पंडित शामशास्त्री ह्यांच्या हातीं आला व १९०९ सालीं म्हैसूर येथें मुद्रित झाला, हें संग्राहकांस विदित आहेच. त्याच्या सातव्या अधिकरणांत चक्रपथ आणि पादपथ ह्यांची तुलना आहे. चक्रपथानें मोठे व्यवहार साधतात म्हणून तो श्रेष्ठ, असें सांगून लगेच देशकाल पाहून गाढवांचा व उंटांचा मार्गही चालेल, अशी पुस्ती जोडली आहे. दुसऱ्या अधिकरणांत नावेच्या उताराचे दर देतांना लघुयानास पांच माष, गोलिंगास सहा व शकटास सात, असे तीन वर्ग केले आहेत. अर्थात् वाहनांची प्रतवारी त्या काळीं राजाच्या हिशेबांतही होती.

आमच्या प्रांतांत ह्या पुस्तीचेंच राज्य दीर्घकाळ चाललें. कल्याण बंदर प्राचीन. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें आहेत. त्यांतील एक लेख आपल्या विषयास विशेष जवळचा आहे. त्यांत कल्याणच्या नंद नामक कर्मारानें, म्हणजे लोहारानें, एक वाट दान केल्याची नोंद आहे. चाकास धाव चढविणाऱ्या वर्गांतील एका पुरुषास वाट बांधून देणें हें पुण्यकर्म वाटावें, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें.

परंतु कल्याणाहून देशावर जाणारी वाट चाकांची नव्हती. नाणेघाटांत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, खोदलेला मार्ग आहे, जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे. परंतु गाडी चढेल अशी वाट नाहीं. तेथून माल गेला तो पशूंच्या पाठीवर व माणसांच्या डोक्यावर. ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासवर्णनांत पैठण व तगर येथील माल गाड्यांवरून भडोचेस येत असल्याचें सांगितलें असून पैठण भडोचेपासून वीस दिवसांच्या वाटेवर दिलें आहे. त्याच ग्रंथांत कल्याणचा व्यापार संदन नामक अधिपतीनें अडविल्याचा उल्लेख आहे. कल्याणची पीछेहाट होण्याचें तेथें दिलेलें कारण राजकीय आहे, तें मान्यच आहे. तथापि गाड्यांचा माल लांबच्या मार्गानें जावा ह्यांत सह्याद्रीचाही वांटा असला पाहिजे, असें मला वाटतें. गाडी लांबचा सरळ मार्ग पत्करते. जवळचा कडा पत्करीत नाहीं.

ही स्थिति इंग्रजी अमलापर्यंत टिकली. देशावरील जुने गाडे भरीव चाकांचे, अवजड, अनेक बैलांनीं ओढण्याचे होते. १८३६ च्या सुमारास सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णी येथें लेफ्टनंट गेसफर्ड ह्यानें हलक्या, सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना काढला. तत्पूर्वीं १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याच्या कारकीर्दींत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला होता. हे दोन सन शेजारीं ठेवून पाहावे. रस्ता झाला, मग हलकी गाडी सुचली. निराळ्या वाटेनें निराळी गाडी मागितली. पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी सुरू झाली, १८५४ सालीं ती कल्याणास पोंचली, आणि बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं व थळघाटाचा १८६५ सालीं पुरा झाला. तेव्हांपासून कल्याण हें जड मालाचें उतरण्याचें ठिकाण झालें आणि बैलगाडीकडे स्थानकापासून शेतापर्यंतचा शेवटचा टप्पा राहिला. लोखंडी नांगर, चरक, पाण्याचे पंप अशा वस्तु कारखान्यांतून निघूं लागल्या तेव्हां शेतकऱ्यापुढें जो प्रश्न आला तो ह्या शेवटच्या टप्प्याचाच होता. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ सालचा व किर्लोस्करवाडी १९१० सालची, हें सर्वश्रुत आहे.

मार्गाचा हा प्रश्न आज संपला आहे असें समजूं नये. कल्याणचा पत्री पूल शंभर वर्षांहून जुना झाल्यामुळें २०१८ सालीं वाहतुकीस बंद करून पाडण्यांत आला आणि २०२१ सालीं नवा पूल खुला झाला. मधल्या काळांत कल्याण व डोंबिवली येथील प्रत्येक ओझेवाल्यास कौटिल्याचा विचार पोथीवांचून पाठ झाला.

५. दायित्वविचार

आतां शेवटचा व माझ्यापुरता सर्वांत अवघड मुद्दा. गाडीमुळें कोणास इजा झाली तर दोष कोणाचा? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत ह्याचें सविस्तर विवेचन आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, गाडी तिरकी गेली किंवा मागें सरली, आंस अथवा चाक भंगलें, बांधण्याचे दोर, जोत वा लगाम तुटले, किंवा हांकणारानें ‘बाजूस व्हा’ असें ओरडून सांगितलें, अशा दहा प्रसंगीं दंड नाहीं. परंतु हांकणाराच्या अकौशल्यानें गाडी भलतीकडे जाऊन इजा झाली तर मालकास दोनशें पण दंड सांगितला आहे. हांकणारा कुशल असून चुकला तर दंड त्याला. याज्ञवल्क्यानेंही वेसण तुटलेल्या, जूं मोडलेल्या व मागें सरणाऱ्या यानाच्या बाबतींत स्वामीस निर्दोष ठरविलें आहे.

ह्या याज्ञवल्क्यस्मृतीवर बाराव्या शतकांत विस्तृत टीका लिहिणारा अपरार्क हा उत्तर कोंकणचा शिलाहार राजा अपरादित्य होय, असें महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनीं प्रतिपादिलें आहे. शिलाहारांची राजधानी स्थानक, म्हणजे आमचें ठाणें. १७८७ सालीं ठाण्यास सांपडलेला अरिकेसरीचा ताम्रपट ह्याच वंशाचा, आणि कल्याणच्या शेजारचें अंबरनाथचें शके ९८२ चें पाषाणमंदिर ह्याच राजवटींतलें. त्या मंदिराचे दगड वाहून आणणाऱ्या देशाच्याच एका राजानें पुढें गाडीच्या अपघाताचा विचार सांगणाऱ्या स्मृतीवर टीका रचावी, हा योग लक्षांत घेण्याजोगा आहे.

हीं वचनें वाचतांना मला एक मोह झाला, तो लपवीत नाहीं. आमचें यान मागें सरलें होतें, दोर तुटला होता. हे दोन्ही प्रसंग अदंड्य वर्गांतले. शास्त्रार्थानें मी सुटत होतों. परंतु थोडा विचार करितां दिसून आलें कीं, स्मृतिकार ज्यास निर्दोष म्हणतात तो दैववशात् घडलेला भंग होय. आमचा दोर जुना होता आणि यान मागें सरलें तें भार उलाळ ठेवल्यामुळें. चालक शेतांत नांगरट करणारा, ओझ्याच्या कामास नवा. त्याला तें काम मीं दिलें, वाहन मीं निवडलें, घाई मीं केली. म्हणून दोनशें पणांचा धनी मीच. गाड्याची निवड ही केवळ सोईची बाब नसून दायित्वाची बाब आहे, हें मला त्या मजुराच्या अंगणांत बसून जेवढें कळलें तेवढें पोथींत कळलें नव्हतें.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून, जड शेतीसामान नेण्यासाठीं वाहन निवडतांना पुढील क्रम ठेवावा असें मला वाटतें.

प्रथम वाट पाहावी : चढ, उतार, वळण, बांध, ओहोळ आणि पूल. मग ओझें पाहावें, आणि तें सुटें करतां येतें कीं नाहीं तें विचारावें. सुटें होत असेल तर दोन खेपा ही काटकसरच होय. त्यानंतर वाहन. दोन चाकांची ट्रॉली आपल्या भाराचा कांहीं अंश ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर टाकते, म्हणून शेतांत व चिखलांत तिची पकड चांगली, आणि अरुंद जागीं ती सहज वळते. परंतु हा गुण भार आंसाच्या पुढें असेपर्यंतच. मागें गेला कीं तोच दोष होतो. चार चाकांची ट्रॉली आपला भार आपणच वाहते, जोड सोडला तरी उभी राहते, लांब ओझ्यास व पक्क्या रस्त्यास बरी. परंतु ती मागें घेणें कठीण आणि ओल्या चढावर ती ट्रॅक्टरच्या पकडीस साह्य करीत नाहीं. यंत्र उंच असेल तर बैठक जितकी ठेंगणी तितकी बरी, कारण उंचावरचा भार वळणावर कलंडतो. उतारासाठीं ट्रॉलीस स्वतःचा ब्रेक असावा. नसेल तर ओझें कमी करावें आणि गिअर खालचाच ठेवावा. उतारावर गाडी मोकळी सोडणें म्हणजे ओझ्याच्या हातीं कासरा देणें होय. शेवटीं बांधणी : दोर नव्हे, साखळी, एका बाजूनें नव्हे, चारी बाजूंनीं. आणि मागें कोणी चालूं नये.

तो चरक पुढें आला. त्याचे रूळ सोडविले, ठेंगण्या बैठकीच्या चार चाकी ट्रॉलीवर पुढच्या बाजूस बसविले, साखळ्यांनीं आवळले, आणि दुसऱ्या खेपेस बैठक आणली. साठ-सत्तर मैलांचा प्रवास नव्हता; परंतु आम्हीं दोन दिवस घेतले. वडिलांनीं तीन खेपांत नेलेली वस्तु दोन खेपांत परत आली, एवढीच काय ती आमची प्रगति.

विद्वान् संग्राहकांस शेवटीं एक विनंति आहे. आपल्या दप्तरांतील मोडी कागदांत गाडे, बैल, वेठ, भाडें, घाट व उतार ह्यांविषयींच्या नोंदी असतात. त्या किरकोळ म्हणून बाजूस सारूं नयेत; त्यांच्या नकला ह्या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात. आणि ज्यांच्या गांवीं जुना गाडीवान किंवा सुतार हयात असेल त्यांनीं त्याच्या तोंडचे शब्द उतरून घ्यावेत. उलाळ हा एक शब्द मला वेळेवर ठाऊक असता तर एका माणसाची लावणी चुकली नसती. असे आणखी किती शब्द कोणाकोणाच्या अंगणांत आहेत, आणि ते जाणणारे किती दिवस आहेत, हें प्रत्येकानें आपापल्या गांवीं जाऊन पाहावें.